शुद्धिपत्र

खेतवाडीत, सातव्या गल्लीत,
तेहेतीस वर्षं लग्नपत्रिकांची प्रुफं वाचली.
‘चि. सौ. कां.’वरचा अनुस्वार,
‘आमचे येथे श्रीकृपेकरून’मधला दीर्घ रू,
मुहूर्ताची मिनिटं.
एकदा नवऱ्यामुलाच्या नावातला काना पडला,
चारशे पत्रिका रद्दीत गेल्या.
त्या दिवशी मी रजेवर होतो.

डॉक्टर मिस्किटांनी कागद माझ्याकडे फिरवला.
एकशे तीन. एकशे चौऱ्याऐंशी.
या दोन जागी अक्षर बदललंय, म्हणाल्या,
म्हणून तो आता तुमच्या गोळीला जुमानत नाही.
मी विचारलं, छापताना कुणी तपासत नाही?
त्या हसल्या, मग हसू गिळलं.
नाही हो. हा घाईत छापतो,
रोज कोट्यवधी प्रती, आणि प्रूफ बघायला कुणी नाही.
बहुतेक चुका आपल्याआपण मरतात.
एखादी त्याच्या कामाची निघते,
औषध अर्धंमुर्धं पोचत असलं, की.

अर्धंमुर्धं.
हे त्या खिडकीकडे बघून म्हणाल्या.

कुमुदच्या रिपोर्टवर सहा वर्षं तेच दोन शब्द:
आढळला नाही.
माझ्यावर एकेचाळीस हजार दोनशे.
एकच खोली, एकच फळी,
दोघांच्या डब्यांत सारखाच कापूस कोंबलेला,
खुळखुळ ऐकून घागबाईंनी काही विचारू नये म्हणून.
तिच्या रक्तात अजून जुनीच आवृत्ती,
कपाटात, कुलपाआड.

त्या गोळीनं स्वप्नं पडायची.
पहाटे तीनला ओल्या शाईतली नावं उठून बसत,
समस्त कुलकर्णी परिवार, समस्त म्हात्रे परिवार,
आणि मला मोठ्यानं वाचायला लावत.
सकाळी ओळी पोहायच्या.
तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम,
त्या महिन्यांत जड डोकं परवडत नाही.
रात्री नऊला मी प्रेसमध्येच असे.
कुमुद गोळी पुडीत बांधून द्यायची,
आणि पुडी, ठाकूरद्वारच्या वळणावर, गटारात.
आधी आठवड्याला एक.
मग मीही मोजणं सोडलं.

महिन्याच्या महिन्याला शेंडकर मॅडम
ट्रेमध्ये गोळ्या ओतून
पट्टीच्या टोकानं दोन-दोन सरकवत.
एकही जास्त नाही.
काका, तुमच्यासारखा पेशंट नाही, म्हणत,
आणि हिरव्या शाईनं शंभर टक्के लिहीत.
डब्यातल्या गोळ्या मोजता येतात.
पोटातल्या कोण मोजणार?

आता सेकंड लाइन, मॅडम म्हणाल्या.
आमच्याकडे दुसरी ओळ म्हणजे वधूपित्याचं नाव.
नव्या गोळ्या मोठ्या आहेत, घशात अडतात.
तिसरी ओळ असते का, मी विचारलं.
असते, म्हणाल्या, पण तिच्या भरवशावर राहू नका,
त्याच्याखाली जागा फार कमी उरते.
हिरवं पेन त्यांनी टोपण लावून ठेवून दिलं.

घरी आलो. ती भाजी निवडत होती.
तोंडानं बोलता येईना,
म्हणून रिपोर्टच्या मागच्या बाजूला लिहिलं,
सवयीनं, शुद्धिपत्रासारखं:

पान रोजचे, ओळ नऊ.
‘घेतली’ ऐवजी
‘टाकली’ असे वाचावे.

तिनं चष्मा शोधला. वाचलं.
परत वाचलं, बोट ठेवून,
जसं मीच तिला शिकवलं होतं.
कुठे, इतकंच विचारलं.
मी सांगितलं.

बराच वेळ मेथीची पानं तशीच.
मग म्हणाली,
पुडीला मी पत्रिकेचा जाड कागद घ्यायचे,
सोनेरी काठाचा,
वाटेत फाटून गोळी पडू नये म्हणून.

नऊ वाजले तेव्हा
तिनं तांब्या माझ्यासमोर ठेवला.
हातावर गोळी ठेवली नाही.
डबा उघडा होता.
कापूस बाहेर काढलेला.